चव्वेचाळीस की अठ्ठेचाळीस?
देवाने दोन कान दिलेत, तर आधी कोणत्या कानाने ऐकावं, हेही ठरवत बसेल असा एकच माणूस बीड जिल्ह्यात आहे, आणि तो नेमका माझा आतेभाऊ आहे. केजच्या बाजारात त्याला चपला घ्यायच्या होत्या, तर दुकानदाराने शेवटी चहा पाजून, हात जोडून त्याला शेजारच्या दुकानात नेऊन बसवलं. नेकनूरची जीप निघून गेली ती ‘पुढं बसावं का मागं’ यावर. वर मलाच म्हणतो, “घाई कावून करायलास बे?”

त्याच्या आईला, म्हणजे माझ्या आत्याला, हळदीचं गाणं येतं. लग्नघरी जात्याला हळकुंड-सुपारी बांधून बायका हळद दळतात तेव्हाचं, एकेका नातलगाचं नाव घेत जाणारं लांबलचक गाणं. ते सबंध फक्त तिलाच येतं, बाकीच्या मागे सूर धरतात. आत्या अलीकडे विसरायला लागली, तेव्हा ते घरीच रेकॉर्ड करायचं या पठ्ठ्याने ठरवलं. मला खरंच भरून आलं. माइक आला, लॅपटॉप आला, आवाज घुमू नये म्हणून घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या भिंतींना टांगल्या गेल्या. “पाव्हणे आले तर पांघरायला काय देऊ, माइक?” वहिनी करवादल्या.

आणि मग लॅपटॉपने सॅम्पल रेट विचारला. एका सेकंदात आवाजाचे किती हजार तुकडे टिपायचे, चव्वेचाळीस की अठ्ठेचाळीस? तुम्ही-आम्ही एकावर बोट ठेवून मोकळे झालो असतो.

“चव्वेचाळीस घेतलं अन् उद्या व्हिडिओ काढू वाटला तर? त्याला अठ्ठेचाळीस लागतं.”

“मग अठ्ठेचाळीस घे.”

“अन् सीडी काढायची म्हनलं तर?”

सीडी वाजवायला गावात कुणाकडे काय उरलंय, हे मी विचारलं नाही. मग शहाण्णव निघालं. त्यात म्हणे माणसाला ऐकू न येणारे आवाजही उतरतात. “कुणासाठी? वटवाघळांसाठी?” मी ओरडलो. “तेबी बघावं लागंल,” तो गंभीरपणे म्हणाला.

आत्याने पहिली ओळ म्हणायची, याने हात वर करून थांबवायचं, रेट बदलायचा, हेडफोन लावून डोळे मिटायचे, की पुन्हा पहिली ओळ. “आरं, येवढ्यात हळद दळून नवरदेवाला लावून झाली असती की!” आत्या वैतागायची. मी हातापाया पडलो, बाबा, कोणताही घे, पण तिला पुढचं म्हणू दे. “एकदा रेट ठरू दे, मंग एका दमात सगळं घेऊ,” हे त्याचं उत्तर. दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत हेच चाललं.

उन्हाळ्यात आत्या गाणं विसरली. माझं नावही विसरली. मी भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. त्याने तिच्या कानाला हेडफोन लावला होता. पहिली ओळ वाजली, तशी आत्या खुलली, सोबत म्हणू लागली, हात जात्यावर असल्यासारखा फिरू लागला. ओळ संपली. हात तसाच फिरत राहिला. तिने लेकाकडे बघितलं. “पुढं काय हाय रं?”

त्याच्याकडे पहिली ओळ सगळ्या रेटमध्ये होती. दुसरी कुठेच नव्हती. त्याचा चेहरा बघितला आणि भांडायचं राहूनच गेलं.

आता तो सकाळीच मशीन चालू करून आत्यापाशी बसतो आणि आपल्या भसाड्या आवाजात पहिली ओळ म्हणत राहतो. आत्या कधी गुणगुणते, कधी म्हशीवर खेकसते. सगळं रेकॉर्ड होतं. परवा त्याचा फोन आला. आत्याने मधलीच एक ओळ म्हटली होती, तिच्या भावाचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नाव असलेली. त्याने ती मला ऐकवली. मागे कुकरची शिट्टी होती. मी आपलं विचारलं, “कोणत्या रेटवर घेतलंस बे?”

“बघितलं न्हाई,” तो म्हणाला.