साडूभाऊंचा चौथा नकाशा

'न्हाई' म्हणण्यात आमच्या साडूभाऊंचा हात धरणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात अजून जन्मायचा आहे. पंगतीत जिलेबी पुढे आली की आधी 'न्हाई', मग ताटात चार. डॉक्टरांनी गोळी दिवसातून तीनदा सांगितली तर म्हणाले, "दोनदा मी घेतो, तिसरी तुमी घ्या." माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या अक्का, कपाळाला हात लावून म्हणतात, "लग्नाला तेवढं कसं हो म्हणले कुणास ठाऊक!"

त्या साली नवा जिल्हा होणार म्हणून देवणीकडचे सगळे पुढारी हवेत होते आणि जमिनीवर पाण्याचा टिपूस नव्हता. जिल्हा म्हटला की हमरस्ता आलाच. तो नेमका साडूभाऊंच्या गावाच्या आणि शिवाराच्या मधून जाणार होता, आणि गावचा रस्ता त्याला मिळतो तिथे मोठा फाटा होणार होता. गोठा अलीकडे, विहीर आणि उरलासुरला चारा पलीकडे. जनावरांना ओलांडता आलं नाही तर ती विकायची, दुसरा इलाज नाही. साडूभाऊंचा तर देवणी बैलांवर पोटच्या पोरांपेक्षा जास्त जीव. हे पोरंच सांगतात.

रस्त्याच्या साहेबांनी ग्रामसभेत तीन नकाशे टांगले. एकात गोल चौक, दुसऱ्यात उंच पूल, तिसऱ्यात मधे दुभाजक आणि लांबून वळसा. "यातला कुठला पसंत?" साहेबांनी विचारलं.

साडूभाऊ उठले. "तिन्ही न्हाई. कागदावर बैल चालत न्हाई साहेब. उद्या तळ्यात या."

तळं कोरडं ठणठणीत पडलं होतं. साडूभाऊंनी घरोघरच्या चुलींतली राख मागून आणली आणि तळ्याच्या पोटात तिन्ही नकाशे आखले. मी म्हटलं, "अहो, लोक हसतील."

"हसू द्या की! पावसाच्या नावानं रडूनच राहिलेत सगळे."

साहेब बिचारे खरंच आले. साडूभाऊंनी आपला म्हातारा बैल आधी गोल चौकात सोडला. त्याची उभी हयात खळ्यावर गेलेली. गोल दिसल्याबरोबर त्याला वाटलं, मळणी लागली! जो फिरायला लागला तो बाहेर पडायचं नावच घेईना. मधेच खाली तोंड घालून ज्वारीची नसलेली कणसं हुंगायचा आणि पुन्हा फिरायचा. हसून हसून आमची मुरकुंडी वळली. पुलाच्या जागी तळ्याचा बांध धरला होता. त्यावर चढला तो तिथेच उभा राहिला, ढकलला तरी उतरेना. तिसऱ्या नकाशात तर दुभाजकाची राख तुडवून सरळ पलीकडे गेला.

"बघा. उद्या असाच ट्रकापुढं जाईल," साडूभाऊ म्हणाले. आता कुणी हसत नव्हतं. त्यांनी काठीनं मातीत चौथा नकाशा ओढला: हमरस्त्याच्या पोटातून वाट, शिंगं घासणार नाहीत एवढी उंच.

साहेब म्हणाले, "खर्च वाढतो हो. वर मंजूर व्हायचं नाही."

"मग मी हितनं उठत न्हाई. रस्ता माझ्या छाताडावरून न्या, पर खालून वाट ठेवा." आणि फतकल मारून बसले ते बसलेच. अक्कांनी भाकरी तळ्यातच पाठवली. दिवस कलला, शेवटी साहेबांनी पेन्सिल काढली आणि स्वतःच्या कागदावर ती वाट आखली.

वाट झाली. पण ती होईस्तोवर चारा संपला, आणि दावणीची जनावरं एकेक करून बाजारात गेली. मी भेटायला गेलो तेव्हा साडूभाऊ मला कौतुकानं त्या बोगद्यात घेऊन गेले. डोक्यावरून गाड्या धडधडत होत्या. न राहवून मी म्हटलं, "ज्यांच्यासाठी भांडलात, ती तर राहिली नाहीत हो."

"वाट जनावरासाठी मागितली. माझ्याच जनावरासाठी, असं कुठं म्हणलो व्हतो?"

तेवढ्यात शेजाऱ्याची गाय वासराला घेऊन आत आली. साडूभाऊ भिंतीला चिकटून उभे राहिले आणि ती पुढे सरकेल तसा तिच्या वशिंडापासून शेपटापर्यंत हात फिरवत राहिले. गाय गेली तरी त्यांचा हात थोडा वेळ तसाच अधांतरी होता. मग ते माझ्यावरच खेकसले, "चला की! उभं काय राहिलाव? मागून अजून जनावरं येत असतील."