सरोजाक्कांचा डावा हात

दोन वर्षं मी दत्त महाराजांशी अबोला धरला होता. देवाशी कसला अबोला, असं कुणी म्हणेल. पण धरला होता खरा. मल्लेश्वरममधल्या आमच्या घरी सकाळी दिवा लागायचा, गुरुवारचा उपास व्हायचा, गॅलरीतल्या कुंडीतल्या औदुंबराला पाणी मिळायचं. फक्त जपमाळ डबीतून बाहेर निघत नव्हती. आमच्या ह्यांनाही हे ठाऊक नव्हतं.

मी डायलिसिसची नर्स. ज्यांची मूत्रपिंडं थकली त्यांचं रक्त आठवड्यातून दोन-तीनदा यंत्रातून गाळून परत द्यायचं, हे आमचं काम. त्यासाठी पेशंटच्या हातातली एक शीर ऑपरेशन करून धमनीला जोडतात. तिला फिस्टुला म्हणतात. ती हळूहळू जाड होते आणि तिच्यावर बोटं ठेवली की आतून सारखी थरथर लागते, मांडीवर मांजर घुरघुरतं तशी. सुई टोचण्याआधी दर वेळी हात लावून ती थरथर बघायची, असा नियम आहे. पण सकाळी सगळे पेशंट एकदम आले की आम्ही काय करतो? विचारतो. "हेगिदे? हात बरा आहे ना?" पेशंट म्हणतो, बरा आहे. झालं!

बापट काकांनाही मी असंच विचारलं होतं. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, प्रत्येक गोष्टीचा अहवाल द्यायची भारी हौस. "आज तर जोरात उडतंय हो सिस्टर, धाडधाड!" असं ते म्हणाले. मी म्हटलं, "वा, मग काय, स्वारी खूश!" आणि सुई टोचली. त्या दिवशी सगळं नीट पार पडलं. दोन दिवसांनी ते आले तेव्हा हात गप्प होता. आत रक्ताची गुठळी झाली होती. मग मानेतून नळी, त्या नळीतून जंतुसंसर्ग, आणि तीन महिन्यांत काका गेले. मला कुणीच बोल लावला नाही. मीच स्वतःला लावत होते, आणि नेमकं काय चुकलं तेच कळत नव्हतं. एवढी सेवा करून घेतोस, निदान कळू तरी द्यायचं होतंस, असं एकदा महाराजांना म्हटलं आणि बोलणंच सोडलं. बापट काकू आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर राहतात. दोन वर्षं मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही.

अशात आमच्या इन्चार्जनं मला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. डायलिसिसच्या नर्स आणि टेक्निशियन लोकांसाठी जयनगरच्या एका हॉलमध्ये वर्ग होता. मी घरी खूप कुरकुर केली. चोवीस वर्षं हेच करतेय, आता मला कोण काय शिकवणार? ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं, "तुझी नाही गं, शिकवणाऱ्याची काळजी वाटतेय." माझा स्वभाव मूळचा चौकस. भाजीवालीलासुद्धा मी दहा प्रश्न विचारल्याशिवाय सोडत नाही.

तसंच झालं. शिकवणाऱ्या मॅडम माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण समजावण्याची हातोटी सुरेख. पहिल्या सकाळी माझे सात-आठ प्रश्न झाल्यावर त्या हसून म्हणाल्या, "उद्या प्रत्यक्ष हात तपासायचे आहेत, तेव्हा तुमचा नंबर शेवटचा हं. नाहीतर बाकीचे उपाशी राहतील." सगळे हसले, मीही हसले. आणि हसता हसताच पुढचा प्रश्न विचारला. थरथरीऐवजी शीर जोरात उडत असेल, तर चांगलंच ना?

मॅडम म्हणाल्या, "नाही. तिथेच आपण फसतो. शीर जोरात उडते तेव्हा पुढे वाट अरुंद झालेली असू शकते. पेशंटचा हात वर उचला. शीर चपटी झाली तर ठीक. फुगलेलीच राहिली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा."

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. एवढंच होतं? हात उचलून बघायचा, बस? काकांनी तर तोंडानं सांगितलं होतं! मी उठून मागच्या जिन्यात गेले आणि पायरीवर बसून पोटभर रडले. दोन वर्षांनी महाराजांशी पहिलं बोलणं झालं ते तिथे, आणि ते भांडणच होतं. आता सांगतोस? आता काय उपयोग त्याचा?

दुसऱ्या दिवशी जायचं नाही असं ठरवलं होतं. पण रडून झालं तरी चौकसपणा काही जाईना. ती वर उचललेल्या हातातली शीर चपटी होते म्हणजे कशी होते, ते मला माझ्या बोटांनी बघायचं होतं. वार गुरुवार होता. उपासाची दोन केळी पर्समध्ये टाकली आणि मेट्रो धरली.

आपला हात आम्हाला शिकायला द्यायला एक बाई आल्या होत्या, सरोजाक्का. साठीच्या पुढच्या, कपाळाला ठसठशीत कुंकू, कितीतरी वर्षं डायलिसिसवर. उजव्या हाताचे दोन फिस्टुला केव्हाच बंद पडले होते, आता हा डावाच उरला होता. "हा आहे तोवर मी आहे," असं त्यांनी हसत हसत सांगितलं. एकेक जण पुढे जायचा, "हेगिदे अक्का?" विचारायचा. अक्का "चेन्नागिदे" म्हणायच्या, मस्त आहे. जो तो बोटं टेकवून "काय जोरदार आहे!" म्हणत पुढे सरकायचा. मॅडमचं लक्ष सुई कुठे टोचायची त्या जागांकडे होतं.

माझा नंबर आला तेव्हा बाहेर पुळियोगरेचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, वास सुटला होता आणि सगळ्यांचं चित्त जेवणात. खरं सांगते, मीही सवयीनं विचारलंच, "हेगिदे अक्का?" त्यांनी मान हलवली. मी बोटं ठेवली. शीर उडत होती, धाडधाड! पण मनात म्हटलं, कालपासून तुझ्या डोक्यात तेच आहे, म्हणून तुला तसं वाटतंय. स्टेथोस्कोप लावला, तर जुन्या एसीच्या घरघरीत धड काही ऐकू येईना. तो काढणार, एवढ्यात करंट गेला.

जनरेटर सुरू होईपर्यंत दहा-बारा सेकंद गेली असतील. हॉल एकदम शांत झाला आणि त्या शांततेत मला अक्कांच्या हातातली शिट्टी ऐकू आली. बारीक, उंच, तुटक. हातात नेहमी एक सलग घूं घूं ऐकू येतं, ते हे नव्हतं. मी अक्कांचा हात वर उचलला. शीर चपटी झाली नाही. दोरीसारखी ताठ उभी राहिली.

मॅडमनी येऊन हात तपासला आणि त्यांचा चेहराच उतरला. "सकाळी मीही नुसतं विचारलंच," एवढंच त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनी लगेच अक्कांच्या डॉक्टरांना फोन लावला. अक्का मात्र उठायला तयार नाहीत. "परवागिल्ला, काही होत नाही. दुपारच्या तुकडीला हात लागेल ना? ती मुलं शिकायची राहतील." त्यांना रिक्षात बसवायला मी खालपर्यंत गेले. माझी दोन्ही केळी त्यांच्या पिशवीत टाकायला निघाले, तर म्हणाल्या, "स्वल्प थांब, मला केळं चालत नाही, तुला माहीत नाही?" केळ्यातलं पोटॅशियम डायलिसिसवाल्यांना बाधतं, आणि नर्स असून मी ही चूक करावी! भर रस्त्यात आम्ही दोघी हसलो. त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी शिरेत बारीक फुगा घालून अरुंद झालेली वाट मोकळी केली. एक-दोन दिवसांत हात बंदच पडला असता, असं डॉक्टर म्हणाले.

करंट तर आमच्याकडे रोजच जातो. त्यात काय आहे नि काय नाही, हे मी सांगायला जाणार नाही. मला फक्त एवढं माहीत आहे की तो जाताना माझा हात तिथे होता.

त्या रविवारी मी चार गल्ल्या चालत बापट काकूंकडे गेले. त्यांनी कॉफी पुढे ठेवली, ती निवेपर्यंत मी हवापाण्याचंच बोलत राहिले. शेवटी सगळं सांगितलं, अगदी सरोजाक्कांच्या हातापर्यंत. काका जोरात उडतंय म्हणाले, आणि मला त्याचा अर्थ कळला नाही. काकूंनी माझा निवलेला कप उचलून बाजूला ठेवला. मला वाटलं, आता ह्या मला जा म्हणतील.

"त्या बाईंचा हात चालू आहे ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. काकूंनी पदरानं डोळे पुसले. "मग झालं तर. ह्यांचं सांगणं वाया नाही गेलं गं. तुला ऐकू यायला थोडा वेळ लागला, एवढंच."

घरी आल्यावर मी डबीतून माळ काढली. उशिरा का सांगितलंस, हे आता विचारत नाही. ज्यानं सांगितलं त्याला वेळ माहीत असेल, असं म्हणून सोडून दिलंय. आमच्या युनिटमध्ये सकाळी अजूनही गर्दी असते आणि मी अजूनही विचारते, हेगिदे? पेशंट काय म्हणतो तेही ऐकते. पण हात आधीच त्याच्या हातावर ठेवलेला असतो.