पलीकडची बांधी

आमच्या सारस पक्ष्यांच्या वेबसाइटवर नकाशा दाखवणारा जुना प्लगइन बंद होणार असं कळलं, तेव्हा मी आधी चिडलो. शाळेत शिकवून आल्यावर फुलचूरच्या घरी बसून सहा वर्षं मीच त्याची उस्तवार केली होती. सारस धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, भर पाण्यात घरटं करतात. गावातली माणसं जागा सांगायची आणि मी नकाशात खूण करायचो. अंडी चोरीला जातात, म्हणून त्या खुणा सारस जपणाऱ्या आमच्या गटातल्या चार-पाच जणांनाच दिसत.

नवा प्लगइन बसवला. जुन्यातल्या खुणा काढून नव्यात भरल्या, दोनदा मोजल्या. एकही कमी नव्हती, रंगसुद्धा तेच. मी स्वतःवर भलताच खूश होतो. दोन दिवसांनी बायको आपला मोबाइल पुढे करून म्हणाली, "तुमचे घरटे माझ्यात पण दिसून राहिले."

खुणा नव्या घरी आल्या होत्या, पण त्या लपवायची सूचना जुन्यातच राहिली होती. दोन दिवस सगळी घरटी साऱ्या जगाला उघडी! आधी खुणा लपवल्या, मग गाडीला किक मारली. त्या हंगामात अंड्यांवर बसलेली जोडी एकच होती, कामठ्याच्या मावशीच्या शेतात. मावशी नात्याची नाही. साठीच्या पुढची, स्वतःची धानाची शेती स्वतः पाहणारी बाई. तिच्या शब्दावर मी ती खूण केली होती. वाटभर मी स्वतःला शिव्या घालत होतो.

मावशी ओसरीवर भाजी निवडत होती.

"कायले धावत आले गुरुजी?"

मी सगळं सांगितलं. चूक माझी आहे, हेही सांगितलं.

"हो, आले होते ना दोघं काल, मोबाइल पाहत पाहत," ती शांतपणे म्हणाली. "मोहाच्या झाडापलीकडच्या बांधीत उतरले. गुडघ्याएवढे चिखलात फसले अन् गेले."

"आणि घरटं?"

"तिथं घरटं होतंच कुठं?"

मला काही कळेना. मोहाच्या पलीकडची बांधी तर तिनेच हात करून दाखवली होती. घरट्याजवळ जायचं नाही हा आमचाच नियम, म्हणून मी बांधावर उभं राहून फोनमध्ये खूण केली होती. दर वर्षी असंच.

"म्हणजे दर वर्षी भलतीच बांधी दाखवली?" मी विचारलं.

"तुमी माणूस चांगले आहा," मावशी म्हणाली. "पण तुमच्या मोबाइलमंदी कोण कोण पाहते, मले का मालूम? लेकुरवाळीचं घर कोनी असं दाखवते का?"

मला राग यायला हवा होता. सहा वर्षांची माझी काटेकोर नोंद तिने एका वाक्यात पाण्यात घातली होती. पण राग आला नाही. मी थक्क होऊन तिच्याकडे पाहत राहिलो. मला दोन दिवसांपूर्वीही न सुचलेली गोष्ट या बाईला पहिल्याच वर्षी सुचली होती.

तिने भाजीची परडी बाजूला ठेवली आणि हनुवटीने समोर दाखवलं. "तिकडं पाहा. बोलू नका."

ओसरीसमोरचीच बांधी. इथेच बसून मी दर वर्षी चहा प्यायलो होतो, मोहाकडे तोंड करून. आधी नुसतं धान दिसलं. मग धानातून एक लाल डोकं हळूच वर आलं. मादी उठली, माणसाच्या छातीएवढी उंच, आणि चोचीने पायाखालचं अंडं सावकाश फिरवून पुन्हा बसली. बांधावरून नर आला आणि तिच्याजवळ उभा राहिला. हात जोडावेसे वाटले, आणि मी जोडले.

"आता पाहलं ना?" मावशी म्हणाली. "मग चहा घ्या."

घरी येऊन नवा नकाशा उघडला. कामठ्याची खूण मोहाच्या पलीकडे होती, चुकीच्या बांधीत. ती बोटाने सरकवता येत होती. मी ती तिथेच राहू दिली.