चिनी डोंगर घेऊन धानोऱ्याला

आधी माफी मागतो. होळी झाली की लगेच लिहितो म्हणालो होतो, आणि आता ऊन डोक्यावर आलं. खरं म्हणजे दोनदा लिहिलं आणि दोनदा पुसलं. पहिल्यांदा वाटलं, लोक चुका काढतील. दुसऱ्यांदा वाटलं, लोक वाचणारच नाहीत, मग चुका तरी कोण काढणार? दोन्हीची काळजी सारखीच लागली. माझं शिक्षण आठवी नापास. सारी नोकरी माजरीच्या कोळसा खाणीत, पाणी उपसणाऱ्या पंपावर गेली. हा ब्लॉग नातीने उघडून दिला आहे. काही वेडंवाकडं दिसलं तर माझं समजा, नीट दिसलं तर तिचं.

प्रवास कशासाठी केला ते सांगतो. आमच्या विहाराच्या कपाटात एक हिंदी पुस्तक आहे. मुखपृष्ठावर धुक्यातला डोंगर आणि लांब झग्यातला एक बारीक माणूस. कोणीतरी धम्माचं पुस्तक समजून दान दिलेलं. मीही धम्माचं समजूनच वाचायला घेतलं. अर्धं झालं तरी बुद्ध काही येईनात. डोंगर, नदी, बांबू, ढग, की पुन्हा डोंगर. मग कळलं, या जुन्या चिनी कवींच्या कविता आहेत. पण तोवर सवय लागली होती. आमच्याकडे दुपारी खाणीत ब्लास्टिंग झालं की मांडणीवरची ताटं वाजतात. त्या वेळी मी हे पुस्तक उघडून बसतो.

माझी मुलगी सुजाता धानोऱ्याच्या पुढे एका निवासी शाळेत शिक्षिका आहे. तिथे दर शनिवारी बाहेरचं कोणीतरी येऊन पोरांना आपल्या आवडत्या पुस्तकाबद्दल सांगतं. या वेळी आमच्या कॉलनीतले निवृत्त हेडमास्तर जाणार होते. त्यांच्या गुडघ्याने दगा दिला आणि सुजाताचा मला फोन आला.

“बाबा, तुम्हीच या. ते चिनी डोंगरवालं सांगा.”

“बाई, मी आठवी नापास माणूस.”

“पोरं सातवीत आहे. तुमाले एक वर्ग जास्तच झाला.”

सुजाताच्या आईने मात्र पिशवी भरता भरता बजावलं, “तिची नोकरी आहे तिथं. पोरीची फजिती करून येऊ नका.” हे वाक्य मी धानोऱ्यापर्यंत सोबत नेलं. पिशवीपेक्षा तेच जड होतं.

माजरीहून ऑटोने भद्रावती, तिथून बसने चंद्रपूर, आणि चंद्रपूरहून मूल, सावली करत गडचिरोली. ज्येष्ठांना एसटीत अर्धं तिकीट आहे, आधार कार्ड वरच्या खिशात ठेवा. मी चोरखिशात ठेवलं होतं, कंडक्टर म्हणाला, “काका, सावकाश काढा, गडचिरोली यायले वेळ आहे.” मूलच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जंगल आहे आणि वाघापासून सावध राहण्याच्या पाट्या आहेत. मी खिडकीची काच लावून घेतली. शेजारच्या बाईंनी ती उघडली. म्हणाल्या, “वाघाले तिकीट नाही लागत, पण बशीत येत नाही तो.” मूलच्या स्टँडवर आलूबोंडा तर्रीसोबत मिळतो, जरूर खा. मी खाल्ला आणि सावलीपर्यंत पोटाची काळजी केली. काही झालं नाही.

खरी काळजी वैनगंगेच्या पुलाची होती. पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा, आणि तिथे दारूबंदी. या चिनी कवींना एक खोड आहे: डोंगर दिसला की दारू काढतात. पोरांसमोर हे कसं वाचायचं? म्हणून मी घरीच पेन्सिलने सगळीकडे दारूचा चहा करून ठेवला होता. पुलापलीकडे एक तरुण शिपाई बसमध्ये चढला आणि नेमकी माझीच पिशवी उघडली.

“हे काय आहे, बाबाजी?”

“चिनी पुस्तक,” मी म्हणालो, आणि लगेच वाटलं, गडचिरोलीत शिरताना पोलिसाला सांगायची ही गोष्ट नव्हे. “कविता आहेत जी. नुसते डोंगर.”

“दारू-गिरू?”

“होती जी. मी चहा केला.”

त्याने पुस्तक चाळलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तक परत पिशवीत ठेवलं. उतरताना कंडक्टरला म्हणाला, “या बाबाजींले सांभाळून उतरवजा.”

गडचिरोली ते धानोरा रस्ता झाडीतून जातो. मोहाचे दिवस होते. झाडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन काळी केलेली आणि तिच्यावर पिवळी फुलं पडलेली. सगळीकडे गोड, जड वास. दिवसाउजेडी पोचाल अशीच बस पकडा. धानोऱ्यात लॉज शोधण्यापेक्षा ओळखीच्या घरी राहणं बरं. सुजाताने तांदळाची भाकर आणि आंबाडीची भाजी केली होती. जेवताना मी सात-आठ वेळा विचारलं की उद्या नक्की काय सांगायचं.

“बाबा, काऊन इतके घाबरून राह्यले? पोरं आहे ती, जनावरं नाही.”

“आणि तुमचे मुख्याध्यापक?”

यावर तिने माझ्या ताटात आणखी भाजी वाढली.

तिने विषय का टाळला, हे सकाळी कळलं. मुख्याध्यापक सभ्य माणूस, चहा दिला, पण स्पष्ट बोलले. “पाहुणे पुष्कळ येतात. पोरं काहीतरी विचारतात. पाहुणे म्हणतात, ‘शोधून कळवतो.’ मग पोरं महिना महिना मॅडमना विचारत राहतात आणि पाहुण्यांचा फोन लागत नाही. मी हे शनिवार बंदच करणार होतो. तुमच्या सुजाता मॅडमनी शब्द टाकला म्हणून आणखी एक ठेवला.” म्हणजे मी शेवटचा पाहुणा, आणि तोही बदली.

व्हरांड्यात सातवीची पोरं बसली होती. समोर मैदान, त्यापलीकडे शाळेचाच म्हणावा असा डोंगर. मी माझी सर्वांत आवडती कविता घेतली. हिंदीवरून मराठी करत सांगितली. एक साहेब कचेरीच्या कामाला कंटाळतो. नावेत बसून निघतो. नाव बांबूला बांधतो आणि एकटाच डोंगर चढतो. दगडावर बसून चहा पितो. धुकं हळूहळू दरी भरून टाकतं. पाखराचा आवाज थांबतो. संध्याकाळ होते. तो म्हणतो, आता मला कोणाकडे काही मागायचं नाही. संपली.

पोरं एकदम गप्प. मला वाटलं, लागली कविता. मी सुजाताकडे पाहिलं. तीही जरा सावरून बसली.

मनीषा नावाच्या मुलीने हात वर केला. “आबाजी, पाखरू काऊन थांबलं?”

“शांतता पसरली म्हणून.”

“शांतता नाई जी,” मागून सुखदेव म्हणाला. “जनावर आलं.”

साऱ्या वर्गाने माना डोलावल्या. हे त्यांना पहिल्या ओळीपासून दिसत होतं, फक्त पाहुण्याला मध्येच कसं सांगायचं म्हणून थांबले होते.

“वाघ पाहून वानर खोकललं का?” दुसऱ्याने विचारलं.

“कवितेत वानर नाही.”

“मंग त्याले समजन कसं?”

“अन् एकटा काऊन गेला?” मनीषा म्हणाली. “मोह वेचायले आमी एकटं नाई जात.”

“त्याला एकांत पाहिजे होता,” मी म्हणालो.

“म्हंजे?”

“म्हणजे सोबत कोणी नको.”

“घरी भांडून आला?”

“नाही रे, बाबा. त्याला बरं वाटतं एकटं.”

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. असा आजार त्यांच्या पाहण्यात नव्हता.

“चहा कशावर केला?” सुखदेव पुन्हा. “गंज-भांडं नेलं होतं का? आगपेटी?”

मी पुस्तकात पाहू लागलो, जणू तिथे आगपेटी सापडणार होती.

“चहा पेलेला माणूस दगडावर असा बोलत नाई बसत,” सुखदेवने निकाल दिला. “यानं मोहाची मारली.”

शेवटच्या ओळीत बसलेले मुख्याध्यापक खोकलले. सुजाता मागच्या रिकाम्या वर्गात पाहू लागली. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. मला तिच्या आईचं वाक्य ऐकू आलं.

पण पोरं माझी फजिती करायला मोकळी नव्हती. त्यांना काम होतं. तो माणूस संध्याकाळी, धुक्यात, पिऊन, एकटा डोंगरावर बसला होता आणि त्याला खाली आणायचं होतं. मनीषाने मला समजावलं की रानात मोह वेचताना सगळे पांगतात, म्हणून मधून मधून एकजण कुकारा देतो आणि बाकीचे उत्तर देतात. एकाचं जरी उत्तर आलं नाही तर टोपल्या टाकून सगळे त्याला शोधतात.

“तुमी द्या कुकारा, आबाजी. तुमचा माणूस आहे.”

मी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मग तोंडाशी हात धरून मी “कूऽऽ” केलं. आयुष्यभर पंपाच्या आवाजावर ओरडलेला माणूस मी, आवाज बरा निघाला. लगेच सारा वर्ग “कूऽऽ”. शेजारची सहावी कारण न विचारता “कूऽऽ”. स्वयंपाकीण बाई हातात डाव घेऊन बाहेर आल्या. आणि मग समोरच्या डोंगरावरून, अगदी बारीक, उत्तर आलं.

“आला! आला!” पोरं उठून नाचायला लागली.

“कायचा आला,” मनीषा म्हणाली. “त्या मोहवाल्या बाया आहे. त्याचा आवाज नाई.”

सगळे पुन्हा खाली बसले. मला काय वाटलं सांगू? मलाही दोन घटका वाटलं होतं की आला.

“आबाजी,” तिने विचारलं, “तो घरी पोचला का?”

“कवितेत नाही लिहिलं.”

“मंग पुढच्या पानावर पाहा ना.”

मी पान उलटलं. तिथे दुसरा माणूस, दुसरा डोंगर.

“हाबी एकटाच?” वर्ग ओरडला.

“हाव,” मी कबूल केलं. मला त्या कवींची लाज वाटायला लागली होती. एकाच्याही घरी कोणी वाट पाहणारं नसेल का? आणि असेल तर त्या बिचारीने काय करावं? गडबडीत माझ्या तोंडून गेलं, “मी शोधून कळवतो.”

सुजाताने डोळे मिटले. मुख्याध्यापक उठले आणि फार गोड आवाजात म्हणाले, “ऐकलं ना सर्वांनी? आबाजी कळवणार आहेत. तोपर्यंत शनिवार चालू ठेवू.”

सायंकाळी मी सुजाताला विचारलं, “फजिती केली ना तुझी?”

“केली,” ती म्हणाली. “पण बाबा, जेवतानाबी पोरं त्याच माणसाचं बोलून राह्यली होती. एकानं तर त्याच्यासाठी भात काढून ठेवा म्हटलं.” मग जरा थांबून, “आता तेवढं कळवा मात्र.”

रविवारी तिने मला चामोर्शीमार्गे मार्कंड्याला नेलं. देवळांवरचं कोरीवकाम पाहायला अर्धा दिवस हाताशी ठेवा, दगड तापायच्या आत पोचा, कारण चपला बाहेर ठेवाव्या लागतात. सुजाता देवळात असताना मी ठरवलं की एकदा त्या चिनी साहेबासारखं करून पाहावं. वैनगंगेच्या काठी दगडावर एकटाच बसलो. पाणी संथ होतं, पलीकडे झाडी. फार बरं वाटलं. ते फार टिकलं नाही. फुटाणे विकणाऱ्या एक बाई टोपली घेऊन शेजारी येऊन बसल्या.

“काय झालं, भाऊ?”

“काही नाही.”

“काही नाही तं एकटे काऊन बसले पाण्याजवळ? सूनबाई बोलली का?”

“मी नदी पाहतो आहे.”

“पाहा,” त्या म्हणाल्या, “मीबी पाहतो.” आणि सुजाता येईपर्यंत त्या हलल्या नाहीत. मी फुटाणे घेतले. चांगले खमंग होते. आपल्याकडे एकांताची काय सोय आहे, ते सहलीचं नियोजन करणाऱ्यांनी यावरून ओळखावं.

सोमवारी माजरीला परत आलो. वाघ दिसला नाही, पोट बिघडलं नाही, पोलिसांनी धरलं नाही. काळजी करण्यासारखं उरायला नको होतं, पण उरलं. आता पुस्तक उघडलं की डोंगर दिसतच नाही. आधी त्या माणसाच्या मागची झाडी दिसते. मी त्याला मनात म्हणतो, ऊठ, नाव बांबूला बांधली आहे, उजेड आहे तोवर निघ. तो बसूनच असतो.

शोध मी घेतला आहे, नाही असं नाही. चंद्रपूरच्या वाचनालयात गेलो, तिथले गृहस्थ म्हणाले, असा विभाग आमच्याकडे नाही. गुडघेवाले हेडमास्तर म्हणाले, “कवितेला असं विचारायचं नसतं.” मी म्हणालो, कवितेला नाही विचारत, माणसाचं विचारतो आहे. ते रागावले. सुजाताचा दर शनिवारी फोन येतो. परवा म्हणाली, “बाबा, पोचला म्हणून सांगून टाकू का? पोरं खूश होतील.” मी नको म्हटलं. मनीषा विचारेल, कोणी पाहिलं? मग आपण काय सांगणार?

तर वाचकहो, तुमच्यात कोणाला चिनी येत असेल, कोणाचा मुलगा-भाचा तिकडे शिकायला असेल, कोणाजवळ या कवींचं मोठं पुस्तक असेल, तर एवढं पाहा. कचेरीतून निघालेला, नावेने गेलेला, दगडावर बसलेला. पोचला असेल तर कुठे लिहिलं आहे ते सांगा, म्हणजे मनीषाला दाखवता येईल. पोचला नसेल तर आधी एकट्या मलाच सांगा, पोरांना कसं सांगायचं ते मी आणि सुजाता ठरवू. पण लवकर कळवा. थोड्या दिवसांत शाळेला सुट्टी लागेल, पोरं आपापल्या गावी तेंदूपत्ता तोडायला जातील, आणि त्याला तसंच डोंगरावर सोडून जायला ती तयार नाहीत.