काकांच्या काट्यावरची डिस्कवाटणी

आमच्या घराण्यात कॉम्प्युटरच्या डिस्कची समान वाटणी करणारा मी पहिलाच.

पलूसजवळ आमच्या काकांचा वजनकाटा आहे. कारखान्याला जाण्याआधी ऊस इथं तोलून घेतला, की शेतकऱ्याच्या जिवाला बरं वाटतं. काटा चालतो युनिक्स नावाच्या जुन्या प्रणालीवरच्या एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर. ऐन हंगामात त्यानं जाहीर केलं, 'डिस्कवर जागा नाही', आणि काटा थांबला. बाहेर ट्रॅक्टरची रांग लागलेली. मी सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्त करतो (सगळे नव्या जमान्यातले!), म्हणून मला बोलावणं आलं.

"आजच्या आज चालू झाला पायजे," फौजेतून निवृत्त झालेल्या काकांनी हुकूम सोडला. "चौकात नवा काटा झालाय. गिऱ्हाईक एकदा तिकडं वळलं की परत यायचं न्हाई!"

मी ऐटीत बसलो आणि डिस्कच्या तुकड्यांचा तक्ता पडद्यावर आणला. कोणता तुकडा कुठं सुरू, कुठं संपतो, सगळे आकडे समोर. काकूंनी मागून मोबाइलवर फोटो काढला आणि लगेच स्टेटसला टाकला: 'आमचा अविनाश, मोठ्या कामात.'

एक तुकडा गच्च भरलेला, शेजारचा रिकामा. पण तेवढ्यात काकांनी चष्मा चढवला.

"आरं, ह्यो दोन नंबरचा कोन? ह्या टोकापास्नं त्या टोकापतूर समदं एकल्याच्या नावावर!"

जुन्या युनिक्समध्ये तो दोन नंबर म्हणजे अख्ख्या डिस्कची चतुःसीमा. त्याला हात लावायचा नसतो. हे मला ठाऊक असायला हवं होतं! मी गंभीरपणे म्हणालो, "अतिक्रमण दिसतंय."

झालं! काकांनी भावाभावांची जमीन कोर्टाची पायरी न चढता वाटून दिली होती. तेव्हापासून वाटणी म्हटली की त्यांच्या अंगात येतं.

"काड त्याला भाईर! समद्यास्नी सारकं वाट. कुनाची तक्रार नगं!"

मी वाटलं. अगदी सारखं! (बॅकअप नव्हता. पण वाटणीला बॅकअप कोण घेतं?) कॉम्प्युटर पुन्हा चालू केला.

तो अर्धवटच उठला. काट्याचा प्रोग्राम कुठं ठेवलाय हे काही त्याला आठवेना.

"समदं गेलं?" काका.

"नाही काका, पीक रानातच आहे. आपण नुसते बांध हलवलेत. होते तिथं परत घातले की सापडेल सगळं."

"मग घाल की!"

"कुठं होते तेच आठवत नाही."

बाहेर हॉर्न वाजला. एक ट्रॅक्टर चौकाकडे वळला. काका दारात जाऊन त्याला हाका मारू लागले.

इतक्यात काकू चहा घेऊन आल्या. "अविनाश, तुझ्या फोटूला लय जनांनी अंगठं दिल्यात रं!"

फोटो! मी चहाऐवजी मोबाइलच हिसकावला आणि फोटो मोठा केला. माझ्या डोक्याशेजारी पडदा, पडद्यावर जुने आकडे, स्वच्छ! फक्त एका ओळीवर माझा कान.

"ल्हानपनापास्नं मोटाच हाय त्यो," काकू म्हणाल्या.

"असू दे!" मी ओरडलो. "वरच्याचा बांध दिसतोय, खालच्याचाही दिसतोय. मधे उरलं ते कानाआडचं!"

"मोजनी आशीच असती!" काका ताडकन उभे राहिले.

आकडे भरले, दोन नंबरला मानानं परत बसवला, कॉम्प्युटर चालू केला. सगळं जागच्या जागी! मग भरलेल्या तुकड्यातलं जुनं सामान शेजारच्या रिकाम्या तुकड्यात हलवलं. (हे पहिल्यांदाच करता आलं असतं. काकांना अजून सांगितलेलं नाही.) काट्याचा आकडा शून्यावर येऊन थांबला तेव्हा मला कारखान्याची निवडणूक जिंकल्यासारखं वाटलं.

"या रं समदी!" काका रस्त्यावर जाऊन गरजले. चौकाकडे गेलेला ट्रॅक्टरसुद्धा परत आला. त्यातला ऊस तोलताना काका प्रत्येकाला सांगत होते, "पुतन्यानं केलं!"

मग काकूंनी विजयाचा फोटो काढला. स्टेटसला बघतो तर काका, काकू आणि कॉम्प्युटर. मी कुठंच नाही!

"काकू, मी?"

"तुला बाजूला काडूनच फोटू घेतला बग," काकू म्हणाल्या. "म्होरल्या खेपंला आकडं लागलं, तर मदी कान नगं."