दोन जातींची ब्रोकोली

सासूबाई गेल्यावर माझे सासरे सायखेड्याहून आमच्याकडे राहायला आले. आम्ही त्यांना नाना म्हणतो. शेत त्यांनी वाट्याने दिलं होतं. गंगापूर रोडवरच्या आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे, पण नाना तिकडे फिरकत नसत. टीव्हीसमोर बसून राहायचे, टीव्ही बंद असला तरी तिथेच. चहा नेला की "ठेव," एवढंच बोलायचे.

दिवाळी झाल्यावर मी म्हटलं, "नाना, मागे ब्रोकोली लावू या. रोपं निवडायला चला."

"मला फ्लावर कळतो. ते हिरवं मला काय माहीत?" म्हणाले, पण चपला घातल्या.

नर्सरीवाल्याने दोन ट्रे पुढे केले. एका जातीला एकच मोठा, घट्ट गड्डा येतो, तो कापला की झाड जवळपास संपलं. दुसरीचा गड्डा लहान, पण तो कापल्यावर बाजूने फुटवे येत राहतात. मला दुसरी हवी होती. तीन माणसांच्या घरात थोडं थोडं मिळत राहिलेलं बरं. नाना मात्र पहिल्या ट्रेजवळ उकिडवे बसले.

"फुटवे घेऊन काय करायचं? गड्डा कसा लय मोठा पाहिजे."

बऱ्याच दिवसांनी त्यांना काहीतरी हवंसं वाटलं होतं. मी दोन्ही घेतली.

मग मात्र ते सकाळी उठून सरळ मागच्या दारी जाऊ लागले. पानांवरच्या अळ्या हाताने वेचायचे, पाणी द्यायचे. थंडी पडली तसे त्यांच्या जातीचे गड्डे सुरेख भरले.

"कापू या का?" मी विचारायची.

"राहू दे अजून."

मधेच थंडी ओसरली, चांगलं ऊन पडलं, आणि एका सकाळी सगळ्यात मोठ्या गड्ड्यावर पिवळी फुलं दिसली. कापायची वेळ टळून गेली होती. नाना तिथेच बांधावर बसले. मी जवळ गेले तर डोळे भरलेले.

"एवढं काय त्यात, नाना? अजून आहेत की."

"तसं नाय, पोरी. शेतातला फ्लावर मी नुसता वाढवायचो. कापायचं कधी, ते तुझी सासू बघायची. रोज सकाळी सऱ्यांमधनं जायची, अंगठ्याने दाबून बघायची. ती म्हणाली की मी कोयता लावायचो. मला कधी कळायची गरजच पडली नाय."

सासूबाई गेल्यापासून नानांनी त्यांचं नाव काढलं नव्हतं. मीही त्यांच्याशेजारी बसले. म्हटलं, "मग आता मी बघत जाते. मलाही नीट कळत नाही, पण दोघं मिळून ठरवू."

फुललेला गड्डा लसूण-मिरचीवर परतला. किंचित कडवट लागला. नानांनी दोनदा घेतला आणि जेवताना सासूबाईंच्या कितीतरी गोष्टी सांगितल्या. माझे यजमान जेवण थांबवून ऐकत राहिले.

त्यानंतर सकाळी मागच्या दारातून हाक यायची, "पोरी, बघ गं, झाला का?" मी पिठाच्या हातानेच जायची. कधी लवकर कापला, कधी उशीर झाला. माझ्या झाडांचे फुटवे मात्र होळीपर्यंत येत राहिले.

यंदा नर्सरीत नाना एकटेच रिक्षाने गेले. पिशवीत दोन्ही जाती होत्या, आणि जांभळी म्हणून आणखी एक.

"ही कशी असते?" मी विचारलं.

"नर्सरीवाल्यालाबी माहीत नाय. लावून बघू."