सांगितल्या भावाची पेटी

माझ्या नवऱ्याने आयुष्यात मला एकच महागाची वस्तू भेट दिली, आणि तिच्यावरून मी त्यांच्याशी आजतागायत भांडते आहे.

वस्तू म्हणजे पत्र्याची भट्टी. दुहेरी पत्र्याची चौकोनी पेटी, आत दोन कप्पे, दाराला तळहाताएवढी काच. रॉकेलच्या स्टोव्हवर ठेवायची, की घरच्या घरी नानकटाई भाजून निघते. नवी पेठेतल्या एका दुकानात ती दर्शनी फळीवर मांडलेली होती. त्या वर्षी आषाढापासून दसऱ्यापर्यंत मी तिच्यामागे होते. म्हणजे त्या दुकानदाराच्या मागे होते.

भाव करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा होता. लग्नानंतर दोन वर्षांत मी खणांचं गाठोडं काखेत मारून घरोघर हिंडायला लागले आणि सहाव्या वर्षी घराच्या पुढच्या खोलीत माझं स्वतःचं दुकान थाटलं. कुणी हात दिला नाही, कुणाचा मागितलाही नाही. या सगळ्यात मी एकच गोष्ट शिकले. माणूस पहिल्यांदा जे सांगतो त्यात निम्मी हवा असते. हा नियम मी कापडालाच नव्हे, सगळ्याला लावत असे. वैद्याने आठ दिवस पथ्य सांगितलं तर मी चार दिवस पाळायची. आणि अजून धडधाकट आहे.

पण पेटीचा ध्यास का लागला ते आधी सांगते.

तेव्हा सोलापुरात दिवाळीची नानकटाई घरी भाजायची सोय कुणाकडेच नव्हती. तूप, साखर, मैदा घरी फेटायचा, गोळे वळून पत्र्यावर मांडायचे आणि तो पत्रा डोक्यावर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचं. तिथे बायकांची रांग. लहानपणी आईबरोबर मी त्या रांगेत तासन्‌तास उभी राहिले आहे. आमच्याकडे पत्रा नव्हता, जेवायचं ताट होतं. मोठाल्या घरांचे सहा-सहा पत्रे आधी आत जायचे आणि आमचं ताट शेवटी, भट्टी निवत आली की. आमची नानकटाई कायम पांढरीफटक निघायची. आई म्हणायची, "चव तीच असते." तशी नसायची.

पुढे माझेही चार-चार पत्रे जाऊ लागले, पण तिथे दुसरी भानगड होती. भट्टीवाल्याला सगळे चाचा म्हणत. मजुरीशिवाय दर पत्र्यामागे मूठभर नानकटाई काढून घ्यायची त्याची रीत होती. भट्टीचा वाटा. सगळ्या बायका मुकाट्याने देत. मीही दिली असती, पण चाचा नेमकी मोठी मोठी उचलायचा. आदल्या दिवाळीत माझ्या डोळ्यांदेखत त्याने चारी पत्र्यांवरची थोरली निवडली, तेव्हा माझं डोकं फिरलं.

"चाचा, वाटा घ्यायचा तर सरसकट घ्या. निवडून काय घेता? मी काय वांगी विकायला बसलेय?"

"भाभी," चाचा दाढीतल्या दाढीत हसत म्हणाला, "इतना दुखता तो घर में भट्टी लगाओ."

रांगेतल्या बायका खदखदून हसल्या. मी पत्रे उचलले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "लावतेच. पुढच्या दिवाळीत माझ्या घरची नानकटाई तुम्हाला चाखायला आणून देते. ती नाही आणली, तर या रांगेत सगळ्यांच्या मागे उभी राहीन. ताट घेऊन."

ताटाचं का बोलले मला ठाऊक नाही. रागात माणूस नको ते गहाण टाकतो.

म्हणून ती पेटी. दर आठवड्याला मी दुकानात जायची, पेटीला नावं ठेवायची, भाव पाडून मागायची आणि पाठ फिरवून पायऱ्या उतरायची. पाठ फिरवणं हाच भाव करण्यातला खरा कस. दुकानदार हाक मारेपर्यंत मागे बघायचं नाही. आषाढात त्याने मला रस्त्यापर्यंत जाऊ दिलं होतं. श्रावणात शेवटच्या पायरीवर हाक मारली. भाद्रपदात दुसऱ्या. नवरात्रात तर मी नुसती वळले तोच "अहो बाई" झालं. अजून एक खेप, फक्त एक, आणि पेटी माझ्या भावात माझी होती.

दसऱ्याच्या दिवशी नवऱ्याने मला आपट्याचं पान दिलं आणि म्हणाले, "स्वयंपाकघरात बघ जरा."

स्टोव्हवर पेटी होती. मी दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. काचेत माझं तोंड दिसलं, आणि खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले होते. ते तेवढ्यात पुसून मी विचारलं, "कितीला दिली?"

"त्याने सांगितली तेवढ्याला."

"सांगितली तेवढ्याला म्हणजे?"

"म्हणजे तेवढ्यालाच."

मी पाटावर बसले. तीन महिने! तीन महिने मी त्या माणसाला पायरी-पायरीने वर आणला होता, आणि हे गिरणीतून सुटल्यावर सरळ आत शिरले आणि पहिल्या शब्दाला पैसे मोजून मोकळे झाले. दुकानदाराने त्यांना चहासुद्धा पाजला होता. पाजणारच.

"अगं, तुला हवी होती ना?"

"हवी होती, पण अशी नव्हे!"

"सारख्या त्या पायऱ्या उतरून गुडघे गेले असते तुझे," ते म्हणाले आणि गिरणीच्या कारकुनाला शोभेल अशा शांतपणे त्यांनी खिशातून कागद काढला. दुकानदाराने सांगितलेली कृती त्यांनी उतरवून आणली होती. रिकामी पेटी अर्धा तास तापवायची. मग पत्रा आत, वीस मिनिटं. मध्ये दार उघडायचं नाही.

मी कागद वाचला. ज्या माणसाने पेटीचा भाव फुगवून सांगितला, तो वेळ बरोबर सांगेल? आणि ज्याने तो भाव गिळला, त्याने हेही गिळलं असणार. मी मनातल्या मनात सगळ्याचं निम्मं केलं. पाव तास आणि दहा मिनिटं.

"अर्धा तास म्हणालाय तो," हे म्हणाले.

"तुम्हाला म्हणाला."

पहिला घाणा मी दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी घातला. घरच्या लोण्याचं तूप परातीत तळहाताने पांढरं होईस्तोवर फेटलं, वेलची घातली, गोळे वळले. पाव तासाने पत्रा आत सरकवला. आणि मध्ये दार उघडायचं नाही म्हणजे काय? न बघता मी आयुष्यात दोऱ्याचं रीळ घेतलेलं नाही. चार वेळा उघडलं. दहा मिनिटांनी पत्रा बाहेर काढला, तर सगळे गोळे विरघळून एकमेकांत मिसळले होते आणि पत्राभर एकच एक थोरलं धिरडं तयार झालं होतं, वरून ओलं.

ह्यांनी ते चमच्याने खाल्लं. "चव चांगली आहे," म्हणाले. आईचंच वाक्य. माझा असा संताप झाला की मी चमचा काढून घेतला.

दुसऱ्या खेपेला मी थोडी वर चढले. भाव करताना चढतात तशीच, बेताने. पाव तासाची वीस मिनिटं केली, दहाची बारा. नानकटाई कडेने उभी राहिली आणि मधे बसली. बोट लावलं तर बोट आत गेलं. तिसऱ्या खेपेला मी आणखी दोन मिनिटं दिली. पेटी काही खाली उतरेना. चौथ्या खेपेला माझा तोल गेला. मी स्टोव्हला दणादणा पंप मारला आणि ज्वाला अशी चढवली की पेटी थरथरायला लागली. दार उघडताना मनगट भाजलं. नानकटाई वरून पांढरी आणि खालून कोळसा झाली होती. घर धुराने भरलं.

शेजारीण खिडकीत आली. बार्शीकडची, जिभेला धार.

"काय वो वैनी, लई धूर निघालाय. घरात गिरणी काढली व्हय?"

"नानकटाई आहे."

"व्हय? मला वाटलं, पोतं जळतंय." तिने नाकाला पदर लावला, पण गेली नाही. "परवा चाचा इचारत व्हता. खणवाल्या बाई ताट घिऊन कवा येत्यात म्हणून. म्या म्हनलं, येतील की. कुटं जात्यात!"

मी खिडकी लावून घेतली. दिवाळी पाच दिवसांवर आली होती. तूप एका घाण्यापुरतं उरलं होतं, आणि डोळ्यांसमोर ते जेवायचं ताट, त्यावर कच्चे गोळे आणि पुढे अख्ख्या गल्लीची रांग.

दुसऱ्या दिवशी दुपारी, भट्टीवर कुणी नसण्याच्या वेळेला, मी चाचाकडे गेले. ताट नेलं नाही.

"खारी द्या पावशेर," मी म्हणाले.

चाचाने खारी तोलता तोलता माझ्या मनगटाकडे पाहिलं. "भट्टी लगी दिखती भाभी."

"लागली."

"कैसी निकली नानखटाई?"

मी मनगट पदराखाली घेतलं. चाचाने तराजू खाली ठेवला.

"पेटी पहले रिकामी गरम करते? कितना?"

"पाव तास. वीस मिनिटं."

"आधा घंटा."

"पंचवीस मिनिटं नाही चालणार?"

चाचा पिठाने पांढरे झालेले हात गुडघ्यांवर मारून असा हसला, की त्याला ठसका लागला. "भाभी! आग से भाव नक्को करो! मैं चालीस बरस से करता बैठा हूं, एक मिनट कम नहीं करती. आधा घंटा बोले तो आधा घंटा. फिर बीस मिनट. और दरवाजा नक्को खोलो."

शब्दाशब्दाने तोच कागद. दुकानदार खरं बोलला होता. त्या माणसाने पेटी सोडून बाकी सगळ्याचा रास्त भाव सांगितला होता.

"पर मेरा वाटा लगता," चाचा मागून ओरडला.

"तुमची भट्टी कुठे वापरली मी?" मी पायरीवरूनच तडकले.

"भट्टी नहीं वापरे, अकल तो वापरे!"

रविवारी शेवटचं तूप काढलं. ह्यांना सुट्टी होती. त्यांच्याकडे घड्याळ दिलं आणि सांगितलं, "मी काहीही बोलले तरी ऐकायचं नाही."

"हे मला जमेल," ते म्हणाले.

अर्धा तास पेटी रिकामी तापत राहिली. रॉकेल फुकट जळताना बघणं म्हणजे काय ते ज्याने रॉकेल स्वतःच्या पैशाने आणलंय त्यालाच कळेल. मग पत्रा आत गेला. पाच मिनिटं झाली. माझा हात उठला, ह्यांनी घड्याळावरची नजर न काढता तो खाली केला. आठ मिनिटं झाली.

"एकदाच बघते."

"नाही."

"काचेतून."

"काचेवर वाफ आहे. दिसणार नाही, मग तू दार उघडशील."

मला मग एकच गोष्ट येत होती ती मी केली. पेटीकडे पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड करून बसले, नवी पेठेतल्या पायऱ्या उतराव्यात तशी, मागे न बघता. तुझी मला गरज नाही, दुसरीकडे मिळेल, असा चेहरा केला. ह्यांना हसू आलेलं मला पाठीला कळत होतं. आणि बऱ्याच वेळाने मागून हाक आली. तुपाची, वेलचीची, भाजल्या मैद्याची. आईच्या ताटाला कधी आला नव्हता असा खरपूस वास.

"वीस," हे म्हणाले.

पत्राभर नानकटाई, वेगवेगळी, फुगलेली, माथ्यावर भेगा आणि कडेने बदामी. मी एक तोडली. आतून कोरडी, भुसभुशीत. ह्यांनी दुसरी तोंडात टाकली, यावेळी चव चांगली आहे असं म्हणाले नाहीत. लगेच तिसरी घेतली. मी ते बघितलं आणि पेटीच्या भावाबद्दल त्या दिवसापुरती बोलले नाही.

संध्याकाळी ऐन गर्दीच्या वेळी मी भट्टीवर गेले. रांग पार कोपऱ्यापर्यंत होती आणि शेजारीण तिच्यात होती, डोक्यावर पत्रा घेऊन. मी रांगेच्या कडेकडेने पुढे गेले आणि चाचासमोरच्या फळीवर बशी ठेवली. बशीत मी लहानातली लहान सहा नानकटाई आणली होती, हेही खोटं कशाला बोलू.

चाचाने एक उचलली, उलटी करून बूड बघितलं, मोडली, वास घेतला, खाल्ली.

"अच्छी है," तो म्हणाला. मग रांगेकडे वळून मोठ्याने, "अच्छी है!"

शेजारणीने मान लांब करून बशीत पाहिलं. "आगं बया! खरंच की!"

तेवढं ऐकायला मी वर्षभर थांबले होते. वळणार तोच चाचाने बशीतल्या उरलेल्या पाचही उचलून पिठाच्या डब्याशेजारी मांडल्या.

"हे काय? पाच?"

"वाटा."

"मूठभर म्हणजे चार! माझ्या पत्र्यामागे चारच घेत होता तुम्ही!"

"भाभी, दिवाली है."

"दिवाळी मलाही आहे! चार!"

चाचाने मोठा उसासा सोडला, आभाळाकडे बघितलं आणि एक नानकटाई परत बशीत ठेवली. रांगेतल्या बायका हसल्या, या खेपेला माझ्या बाजूने. ती एक नानकटाई घेऊन मी मान ताठ करून घरी निघाले.

घराच्या दारात आल्यावर माझ्या लक्षात आलं. त्याला पहिल्यापासून चारच हव्या होत्या.